ख्रिस्ताची चाकरी आणि मराठी ओवी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय मांडायचा तो एखाद्या पंडिताने, अशी रीत आहे. आम्ही पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. जे थोडेफार वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर किंवा संघटनेच्या कचेरीत. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, याला कारण आहे. चळवळीत आम्हांला एक प्रश्न वारंवार भेटतो. ज्याने आपली लेखणी एखाद्या निष्ठेला वाहिली, त्याच्या हातून कला घडते की नुसता प्रचार? अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाविषयी हा प्रश्न विचारला गेला आणि आजही विचारला जातो. आपल्याच माणसांविषयी निवाडा करणे अवघड असते, कारण प्रेम आणि राग दोन्ही मध्ये येतात. म्हणून आज आम्ही तोच प्रश्न दुसऱ्या एका निष्ठेविषयी विचारणार आहोत. ख्रिस्तावरील श्रद्धेने ज्यांनी मराठीत लिहिले, त्यांच्या लेखणीचे त्या श्रद्धेने काय केले? आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे समर्थन करण्याची जबाबदारी आमच्यावर नाही आणि निंदा करण्याची हौसही नाही.

प्रारंभ गोव्यापासून करावा लागतो. इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा तरुण रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. १५७९ च्या ४ एप्रिलला तो लिस्बनहून गलबतात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर! प्रवासाचा वृत्तांत त्याने वडिलांना पत्रातून कळवला आणि ते पत्र पुढे इंग्लंडात छापलेही गेले. पण तो स्वतः परत गेला नाही. सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो गोव्यातच राहिला आणि त्यातली बहुतेक वर्षे त्याने साष्टी प्रांतात काढली.

त्या काळची साष्टी कशी होती हे डोळ्यांसमोर आणले नाही, तर पुढचे काहीच नीट समजणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले होते. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. देवळांबरोबर पुराण सांगणारे गेले, कीर्तन गेले, पोथ्या गेल्या. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारले. पुढे तिथल्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि तेथे त्यांचा वध केला. आम्ही वाटाघाटी करून पोट भरणारी माणसे. बोलणीला बोलावून दगा करणे याचा अर्थ आम्हांला कुणी समजावून सांगायला नको. तेव्हा स्टीफन्सची श्रद्धा कितीही निर्मळ असो, ती तलवारीच्या सावलीत उभी होती, हे आधी मान्य करू आणि मगच पुढे जाऊ.

परंतु याच माणसाने त्याच १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात एक निराळीच गोष्ट नोंदवली आहे. इथल्या भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असे तो कळवतो. विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ मध्ये संस्कृत आणि ग्रीक-लॅटिन यांच्या नात्याविषयी जे सांगितले व ज्याचा जगभर गाजावाजा झाला, त्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे. ज्यांना आपण सुधारायला आलो, त्यांची बोली हा माणूस कान देऊन ऐकत होता. सत्तेच्या जोरावर आलेल्यांना सहसा ऐकायचे सुचत नाही.

या ऐकण्यातून त्याला एक तक्रार ऐकू आली. ती त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच, पहिल्याच अध्यायात नोंदवून ठेवली आहे. एक ब्राह्मण त्याला विचारतो, त्याचा आशय असा: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशीच पुराणे तुम्ही आम्हांला का देत नाही? श्रोतेहो, हा साधा प्रश्न नव्हे. ही मागणी आहे. ज्याच्या हातून काही हिरावून घेतले गेले, त्याने भरपाई मागितली आहे. दुसऱ्या कुणा पाद्र्याने ती कानाआड केली असती किंवा हाती एक प्रश्नोत्तरांची पुस्तिका ठेवली असती. तशी पुस्तिका स्टीफन्सनेही लिहिली आणि ती त्याच्या मागे १६२२ मध्ये छापली गेली. पण त्या मागणीला ते उत्तर पुरेसे नाही, हे त्याने ओळखले. उत्तर म्हणून त्याने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. तेच १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’.

अकरा हजार ओव्या म्हणजे काय, याचा हिशेब हाताने काम करणाऱ्यानेच करावा. तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड, आणि प्रत्येक ओवीत अर्थ पुरा झाला पाहिजे. आणि हे सारे परक्या भाषेत, जी आईच्या मांडीवर नव्हे तर तिशी गाठल्यावर शिकलेली! ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीपर्यंतची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. सांगण्याची तऱ्हा आपल्या पुराणिकाची: गुरू सांगतो आहे, समोर श्रोते बसले आहेत, मध्येच कुणी शंका काढतो, तिचे निरसन होते आणि कथा पुढे चालते. आरंभी देवाला नमन, तेही आपल्या पोथ्यांच्या थाटात. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. आणि मराठीची जी स्तुती तो आरंभी करतो, ती शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्या परिचयाची आहे.

हे त्याला साधले कसे? नुसत्या श्रद्धेने खास नव्हे. त्याने अभ्यास केला. गोव्यातल्या जेझुइटांनी रामायण-महाभारताच्या कथा इथल्या भाषांत रोमी लिपीत उतरवून घेतल्या होत्या. तशी हस्तलिखिते आज पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. स्टीफन्सने कोकणीचे व्याकरणही लिहिले. तेही त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरलाच छापले गेले. पुराणाची भाषा मराठी ठेवली, कारण काव्याची आणि पुराणाची भाषा तीच होती. पण लोकांना सहज कळावे म्हणून त्यात त्यांच्या नित्याच्या बोलीचे शब्द मिसळले, असे त्याने प्रस्तावनेतच सांगितले आहे. म्हणजे ओवीचा मान राखला आणि ऐकणाऱ्याची सोयही पाहिली. आमच्या मते श्रद्धेने केलेले पहिले काम हेच. आपण कोणासाठी लिहितो, हे तिने त्याला कधी विसरू दिले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही, कारण ती छापखान्याची आहे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, परंतु ठसे सारे रोमी. आपल्या वाचकांची लिपी रोमी नाही, हे स्टीफन्सला खुपत होते. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या संघाच्या प्रमुखाला लिहिले की, या देशाच्या लिपीत छापण्याची फार इच्छा आहे. अक्षरे जोडून लिहिण्याच्या पद्धतीमुळे आजवर सहाशे साचे लागतील असे वाटत होते, पण ते दोनशेंवर आणता येतील. पाहा, हा धर्मोपदेशक खिळ्यांचा हिशेब करतो आहे! कानामात्रा कुठे सुटी पाडता येईल, साचा कुठे वाचेल, याचा विचार करतो आहे. जुळाऱ्याच्या पाटीसमोर उभे राहून पाहिल्यावाचून असा हिशेब सुचत नाही. ते ठसे मात्र झाले नाहीत. ‘ख्रिस्तपुराण’ रोमी लिपीतच निघाले. मराठीसाठी देवनागरी ठशांची खरी सोय व्हायला त्यानंतर जवळजवळ दोन शतके लागली. विल्यम केरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला निघाले ते १८०५ मध्ये.

आता या ग्रंथाच्या नशिबाकडे वळू. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत तो वाचला जाई, गायला जाई. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या सत्तेच्या छत्राखाली हे पुराण रचले गेले, त्याच सत्तेने त्याच्या भाषेवर घाव घातला. आज त्या तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? हाताने उतरवलेल्या नकलांनी. गोवा सोडून कानडा किनाऱ्याकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या आपल्याबरोबर नेल्या, पुन्हा पुन्हा उतरवल्या आणि उपवासाच्या दिवसांत गायल्या. तशा नकला जुळवून १९०७ मध्ये मंगळूरला जे. एल. साल्ढाणा यांनी ग्रंथ छापला. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले, आणि पुण्याहून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आली. अधिकाऱ्यांनी सोडलेले काम गाणाऱ्यांनी राखले, असे या ग्रंथाचे चरित्र आहे.

यात प्रचार नाही काय? आहे. मूर्तिपूजेवर टीका आहे, जुन्या देवांचा अव्हेर आहे, आणि आज वाचताना ते खटकते. आमचे म्हणणे इतकेच की, जिथे स्टीफन्स वाद जिंकायला बसतो तिथे ओवी कोरडी पडते. जिथे तो दुःखी आईची, थकलेल्या वाटसरूंची, विश्वासघात झालेल्या मित्राची कथा सांगतो, तिथे ती ओलावते. श्रद्धा दोन्हीकडे तीच आहे. फरक आहे तो समोरच्या माणसाकडे पाहण्याचा. एकीकडे तो प्रतिपक्षी आहे, दुसरीकडे श्रोता.

गोव्याहून आता देशावर येऊ आणि काळानेही पावणेतीनशे वर्षे पुढे येऊ. इथली ख्रिस्ती मंडळी परकी नव्हती. इथल्याच मातीतली, आणि आपल्याच समाजाने दूर लोटलेली. पंडिता रमाबाईंचे नाव या व्याख्यानमालांच्या श्रोत्यांना नवे नाही. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ज्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, त्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेही शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात होते. धर्माच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये त्यांनी आणि भांडारकरांनी मंडळ सोडले. पुढे रमाबाई केडगावला गेल्या. दुष्काळातून आणलेल्या, विधवा झालेल्या, टाकलेल्या मुली आणि बाया यांचे मुक्ती सदन तिथे उभे राहिले.

या मुक्ती सदनात आमच्या विषयाचे दुसरे उदाहरण आहे. रमाबाईंनी सबंध बायबल मराठीत नव्याने आणण्याचे काम हाती घेतले, आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. वाचणारी कोण? खेड्यातली, नुकतीच अक्षरओळख झालेली बाई. तेव्हा जिच्या जिभेवर संस्कृत खेळत होते त्या विदुषीने आपले संस्कृत बाजूला ठेवले आणि साधे, घरगुती मराठी धरले. स्टीफन्सने पुराणाचे शब्द मुद्दाम घेतले. रमाबाईंनी ते मुद्दाम टाळले, कारण त्या शब्दांना चिकटलेला जुना अर्थ त्यांना नको होता. श्रद्धा एक, निर्णय उलट! खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, ही सारी कामे केडगावच्या बायांनी केली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या, तोवर त्यांच्या हातचे काम पुरे होत आले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्या भाषांतराचा प्रसार फार झाला नाही, हे खरे. परंतु ज्या बाईला समाजाने कपाळकरंटी ठरवले होते, तिच्या हातात खिळ्यांची पाटी आली आणि त्या हाताने एवढा ग्रंथ उभा केला, ही गोष्ट कुठल्याही कामगाराच्या इतिहासात मानाने नोंदवावी अशी आहे.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८६१ चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कवी ते आधीपासूनच होते. तेव्हा श्रद्धेने त्यांना कवी केले, असे म्हणता येणार नाही. श्रद्धेने त्यांच्यापुढे एक अडचण मात्र उभी केली. त्या काळी देवळात गायिली जाणारी बरीच गीते इंग्रजीवरून बेतलेली, इंग्रजी चालींवर बसवलेली असत. मराठी माणूस ती गाई, पण त्याचे अंतःकरण त्यांत रमत नसे. टिळकांनी त्याच्यासाठी अभंग आणला, भजन आणले, कीर्तन आणले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. जो पुलावरून आला त्याने पूल मोडला नाही, ही टिळकांची थोरवी. त्यांची शंभरावर गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात गेली आणि आजही गायिली जातात.

टिळकांची श्रद्धा चार भिंतींत मावणारी नव्हती. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. त्यांनी धर्म बदलावा अशी अट कुणी घातली नाही. मोबदला न मागता दुसऱ्याची कविता वाढवणे, हीसुद्धा श्रद्धेने चालवलेली निर्मितीच म्हटली पाहिजे. पुढे मिशनची नोकरीच त्यांना अडू लागली. १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. पगार बंद झाला, घरखर्चाची ओढ लागली. पण ज्याची चाकरी करायची तो धनी मिशन नव्हे, हे त्यांना नक्की ठाऊक होते. दोनच वर्षांनी, १९१९ च्या ९ मे रोजी, त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबले.

आणि इथे लक्ष्मीबाई पुढे येतात. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून पाच वर्षे जिने सोवळ्यासाठी आणि मानासाठी झुंज दिली, मग हळूहळू स्वतःच्या विचाराने एकेक विधिनिषेध सोडला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचे अपुरे महाकाव्य तिने हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचून ते शेवटाच्या जवळ नेले. तथापि मराठी वाचक तिला ओळखतो तो ‘स्मृतिचित्रे’साठी. त्या पुस्तकाचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले. त्यात उपदेश शोधूनही सापडायचा नाही. आहे ते घर, दारिद्र्य, मुले, प्लेग, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा आणि स्वतःची फजिती, सारे हसत सांगितलेले. मग यात श्रद्धा कुठे आहे? आमच्या मते ती सांगण्याच्या खरेपणात आहे. जो कुणाला न भिता आपल्या घरचे सांगतो आणि कुणावरही डूख ठेवत नाही, त्याच्यामागे काहीतरी भक्कम उभे असते. लक्ष्मीबाई त्याला देव म्हणत.

श्रोतेहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता द्यायला हवे. श्रद्धेने लेखणी चालवली की कला मरते काय? या चार माणसांकडे पाहून आम्ही म्हणतो, नाही. पण श्रद्धा असली की कला आपोआप येते, असेही नाही. श्रद्धा माणसाला कामाला लावते. त्याचे काम करून देत नाही. ओवीचे यमक तिने जुळवून दिले नाही, हिब्रूची क्रियापदे तिने पाठ करून दिली नाहीत. ती मजुरी प्रत्येकाने स्वतः केली. श्रद्धेने दिले ते एवढेच की, हे काम कोणासाठी, याचे भान. साष्टीतला पोथी गमावलेला माणूस, खेड्यातली नुकती वाचू लागलेली बाई, परक्या चालीत गुदमरणारा भजनकरी! जोवर तो माणूस डोळ्यांसमोर होता, तोवर काम जिवंत राहिले. जिथे त्याच्या जागी संस्था, सरकार किंवा वादातला विजय येऊन बसला, तिथे ते वाळले.

ही कसोटी आम्ही आमच्या लाल बावट्याच्या गाण्यांनाही लावतो. सभेसाठी म्हणून फर्माईश करून घेतलेली गाणी सभा उठली की विसरली जातात. जी पाळीवरून घरी जाताना कामगार स्वतःशी गुणगुणतो, तीच टिकतात. निष्ठा लाल असो, भगवी असो, निळी असो की क्रुसाची, निर्णय शेवटी गुणगुणणाऱ्याच्या हाती असतो. ज्यांनी दिव्याच्या उजेडात ‘ख्रिस्तपुराणा’च्या नकला उतरवल्या, त्यांना कुणी पगार दिला नव्हता आणि कुणी हुकूमही केला नव्हता. आपल्या गावच्या वाचनालयात तो ग्रंथ आहे की नाही ते पाहावे, नसेल तर मागवावा, आणि निदान पहिला अध्याय मोठ्याने वाचावा, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.